वेल्ह्याच्या गाडीची हिरवी खूण

गाडी बांधाला धडकली बुधवारी सकाळी, आणि गुरुवारी चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत चूक कुणाची ते घरातल्या पुरुषांनी ठरवूनही टाकलं. बैठक मात्र अकराची होती. सौदामिनीला याचं नवल वाटलं नाही. या घरात लग्नं, जागेची खरेदी, नव्या गाडीचा रंग, सगळं आधी ठरायचं आणि मग सल्लामसलतीला सगळ्यांना बोलावलं जायचं. एकतीस वर्षं तिनं अशा सल्लामसलतींना चहा पुरवला होता.

हॉलमधल्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून मांडल्या होत्या. तिचा मुलगा विराज मोबाईल टीव्हीला जोडायच्या खटपटीत होता. तिचे यजमान रघुवीर, ज्यांना डेपोपासून चौपाटीपर्यंत अख्खं भोर गाव 'आण्णा' म्हणायचं, सोफ्याच्या कोपऱ्यात चष्मा पुसत बसले होते. धाकटे दीर प्रद्युम्न यांनी आल्याबरोबर पंखा वाढवला, मधली खुर्ची घेतली आणि विराजला म्हणाले, "आवाज येईल ना रे नीट?" चुलते-पुतणे गेले सहा महिने एकमेकांशी सरळ बोलत नव्हते. आज दोघांना दोष द्यायला तिसरा माणूस मिळाला होता, त्यामुळे घरात बरंच गोडीगुलाबीचं वातावरण होतं.

तो तिसरा माणूस बाहेर पायरीवर बसला होता. म्हादू. बावीस वर्षं घरच्या गाड्यांवर ड्रायव्हर. बरगड्यांना पट्टा बांधलेला, त्यावर कालचाच शर्ट. रात्री सरकारी दवाखान्यात काढून सकाळी तो चालतच आला होता. सौदामिनीनं त्याला दोनदा आत बोलावलं. "बरा हाय हितंच, वैनी," एवढंच तो म्हणाला. तिनं चहा बाहेर नेऊन दिला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला, कारण एका हातानं उचलवत नव्हता.

झालं होतं ते असं. वेल्ह्याहून शिरवळच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या तेवीस बायका-पोरींना घेऊन सकाळची गाडी निघाली. किकवीच्या अलीकडच्या उतारावर गाडी आवरेना. म्हादूनं ती हायवेवरून सर्व्हिस रोडला घेतली आणि तिथून कुणाच्या तरी शेताच्या बांधाला घासत घासत थांबवली. बावीस जणींना खरचटलं. प्रगती नावाच्या पोरीचा हात मोडला. हायवेवर पुढं मालट्रकांची रांग लागली होती, ती पाहिलेल्या प्रत्येकानं म्हादूच्या पाया पडायला हवं होतं. पण कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं दुपारी एकपर्यंत लेखी कारण मागितलं होतं, आणि पाया पडल्याचा रकाना कंपनीच्या कागदात नव्हता. ड्रायव्हरची चूक असेल तर ड्रायव्हर जाणार. गाडीची चूक असेल तर कंपनीला लावलेल्या घरच्या नऊच्या नऊ गाड्या गेटच्या बाहेर.

"लागलं," विराज म्हणाला. टीव्हीवर म्हादूचा चेहरा आला, भिंतीएवढा.

कॅमेरे ही विराजची करामत. दोन वर्षांपूर्वी त्यानं प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवलं. त्याचा एक डोळा रस्त्यावर, एक ड्रायव्हरवर. जांभई दिली, मोबाईल घेतला, डोळे मिटले, की आतली बाई बोलायची आणि मार्क कापायची. ड्रायव्हर लोक तिला सासू म्हणायचे. यंदापासून गाडीचं ऑइल, टायर, ब्रेक यांच्या तारखाही त्याच ॲपमध्ये आल्या, आणि दोन्ही मिळून गाडीला शंभरपैकी मार्क पडू लागले. कंपनी ते मार्क रोज बघायची. नव्वदच्या खाली गेले की खुलासा. दहावीला पोरगं असलेल्या घरात जेवढी मार्कांची चर्चा होते, तेवढी या घरात आता बारा महिने चालायची. त्याआधी गाड्यांचं सगळं काम सौदामिनीच्या वहीत असायचं. वही बंद झाली तेव्हा विराजनं तिला समजावलं होतं, "आई, माणूस विसरतो, चुकतो, खोटंही लिहितो. मशीन तसं करत नाही."

टीव्हीवर सहा बाराची वेळ होती. म्हादूचा उजवा हात स्टिअरिंगवरून निघाला, छातीला लागला आणि डोळे मिटले. चित्राभोवती लाल चौकट आली.

"बघा," प्रद्युम्न म्हणाले. "झोपला. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"तो म्हसोबा आहे," सौदामिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.

"आंबवण्याच्या अलीकडचं वळण आहे ते. म्हसोबाला हात जोडतायत म्हादू. रोज जोडतात. तुम्हीही जोडता, भावजी. फक्त तुमच्या गाडीत कॅमेरा नाही."

"आई, सिस्टीमला म्हसोबा कळत नाही," विराज म्हणाला. "डोळे मिटलेले कळतात."

"मग घड्याळ तरी कळत असेल. हे सहा बारा. गाडी धडकली सहा चाळीसला. अठ्ठावीस मिनिटं झोपून म्हादूंनी नसरापुरातून गाडी काढली, हायवेला लावली आणि किकवीपर्यंत आणली का?"

प्रद्युम्न हसले. "वहिनी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. पण कंपनी काय बघते? अपघाताच्या आधी अर्ध्या तासात ड्रायव्हरनं डोळे मिटले, अशी नोंद आहे. बास. आपण खोटं बोलत नाही. आहे तेवढंच पाठवतोय."

"तेवढंच," रघुवीर म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला. त्या चष्म्यावर आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सौदामिनीला मनातून बरं वाटत होतं, हे सांगायला हवं. या घरात खरं बोलणारी आपण एकटीच, ही तिची जुनी समजूत होती, आणि अशा प्रसंगी ती समजूत जरा तजेलदार व्हायची. पदर खोचून ती पुढं आली. "म्हादूंना आत बोलवा. ज्याचा न्याय करताय तो बाहेर आणि न्यायाधीश पंख्याखाली, हे काही बरं दिसत नाही."

म्हादू आत आला. चपला बाहेर काढून, दाराशी, भिंतीला न टेकता उभा राहिला. खुर्ची दिली तर बसेना.

"काय झालं ते सांग," रघुवीर म्हणाले.

"काल सांगितलं तेच, आण्णा. ब्रेक लागला न्हाई. पायडल पार तळाला गेलं. हँडब्रेक वढला, गेर खाली टाकला. समुर ट्रक व्हते. मग बांध बगितला."

"ब्रेक लागला नाही कसा? तीन आठवड्यांपूर्वी लायनर नवे टाकलेत," प्रद्युम्न म्हणाले. "आहे ना रे नोंद?"

"आहे," विराज म्हणाला. टीव्हीवर वेल्ह्याच्या गाडीचं पान आलं. ब्रेकचं काम, गेनू मिस्त्री, रविवार, सकाळी अकरा चाळीस. पुढं हिरवी खूण. काम झाले.

म्हादूनं ते वाचलं. त्याला वाचायला वेळ लागायचा. वाचून झाल्यावर तो खाली बघू लागला. त्याचं ते बघणं सौदामिनीला खटकलं. ज्याचं खोटं पकडलं गेलं तो माणूस असा बघत नाही. दुसऱ्याचं खोटं पकडलेला नोकर असा बघतो.

"हे बघ," प्रद्युम्नांना आता जोर चढला. "नवे ब्रेक टाकून आठवडे तीन झाले, अन् हा म्हणतो लागले नाहीत. काय पुरावा असेल तोही जोडून टाका ड्रायव्हरच्या क्लिपला. गेनूच्या गॅरेजमधला फोटोबिटो."

"त्याची गरज नाही, काका," विराज घाईनं म्हणाला.

"का नाही? कंपनीला कळू दे आपण गाड्या कशा ठेवतो ते."

"तो आपोआपच जोडला जातो," श्रावणी म्हणाली.

ही विराजची बायको. ॲपचं रोजचं काम तीच बघायची आणि बैठकीत आत्तापर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन गप्प बसली होती. सकाळी कांदा चिरताना तिनं सौदामिनीला विचारलं होतं, "आई, म्हादूकाका खरंच झोपले असतील का हो?" आणि उत्तराची वाट न बघता डोळे पुसत निघून गेली होती. सौदामिनीला तेव्हा ते कांद्याचं वाटलं.

"यंदापासून तसंच आहे," श्रावणी स्क्रीनकडे बघत बोलत होती. "कामाची नोंद केली की त्या वेळेची गाडीतली क्लिप सिस्टीम स्वतःच उचलते. काम झालं याचा पुरावा म्हणून. कंपनीला रिपोर्ट पाठवला की दोन्ही एकत्र जातं. लावू का, काका?"

"लाव की."

"श्रावणी," विराज म्हणाला.

पण काका थोरले होते, आणि थोरल्यांचं ऐकावं असं या घरात तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच सांगितलं गेलं होतं. तिनं बटण दाबलं.

टीव्हीवर रविवार आला. अकरा चाळीस. गेनूचं गॅरेज काही दिसेना. दिसला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला म्हादू, आणि त्याच्या मागं गच्च भरलेली गाडी. पहिल्या सीटवर फेटा बांधलेले रघुवीर. मागं पैठण्या, टाळ्या, गाणी, कुणाच्या तरी मांडीवर पाच फळांची परडी. मधल्या वाटेत प्रद्युम्न स्वतः, एका हातानं वरची दांडी धरून नाचत होते.

"अरे, हा तर आपल्या शुभ्राचा साखरपुडा," प्रद्युम्न कौतुकानं म्हणाले. शुभ्रा त्यांची मुलगी, आणि वेल्ह्याला मुलाकडं जाताना घरची गाडी न्यायची, हा हट्टही त्यांचाच होता. क्षणभर सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, टीव्हीवर स्वतःला बघितलं की येतं तसं. रघुवीर म्हणाले, "फेटा जरा तिरका बसला होता."

मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं. ज्या घटकेला गेनू मिस्त्री भोरात या गाडीचे ब्रेक बदलत होता अशी हिरवी नोंद होती, त्याच घटकेला ही गाडी अख्खं घर घेऊन वेल्ह्याच्या वाटेवर होती. साक्षीला कुणाला बोलवायची गरज नव्हती. सगळे साक्षीदार गाडीतच बसले होते, आणि आता हॉलमध्ये.

क्लिप चालूच होती. म्हादू मान अर्धी मागं वळवून बोलत होता. "आण्णा, पायडल लई खाली जातंय. आज गेनूकडं न्यायची व्हती गाडी."

"नेऊ की पुढच्या रविवारी," फेटेवाले रघुवीर म्हणाले. "एवढे पाव्हणे काय टेम्पोत घालून नेऊ?"

"तसं न्हाई आण्णा, पर उताराला एकांद्या येळंला..."

आणि मग मागून एका बाईचा आवाज आला. ठसठशीत, ऐकणाऱ्याला गप्प करायची सवय असलेला. "म्हादू, शुभकार्याला निघालोय आपण. वाटेत तोंडातून भलतंसलतं काढू नका."

"चुकलं, वैनी," पडद्यावरचा म्हादू म्हणाला. त्यानं तोंड पुढं केलं. त्यानंतर तो बोलला नाही.

तो आवाज सौदामिनीचा होता. हे तिला अजिबात आठवत नव्हतं. फळं आठवत होती, मुलाच्या आईनं दिलेली साडी आठवत होती, आमटी खारट झाली होती तेही आठवत होतं. हे वाक्य मात्र कुठंच नव्हतं. तिच्या लेखी ते बोलणं नव्हतंच मुळी, शुभकार्याला निघताना असं काही नुसतं तोंडात येतं. पण तेवढ्यानं एक माणूस गप्प झाला होता, आणि तीन आठवडे त्या गाडीत तेवीस जणी रोज बसल्या होत्या. तिला लाज वाटली. आत्ताच सगळ्यांदेखत केलेली वकिली आठवून जास्तच वाटली.

श्रावणीनं क्लिप थांबवली.

"मी मार्क कापले जाऊ नयेत म्हणून टाकली ती खूण," विराज अखेर म्हणाला. "गाडीतूनच टाकली. सोमवारी कंपनीचं ऑडिट होतं. म्हटलं पुढच्या रविवारी काम करून घेऊ. पुढच्या रविवारी खूण हिरवी दिसली म्हणून मीच ही गाडी सोडून पुढं गेलो." तो आईकडं बघत नव्हता. "खूण मीच टाकली होती हे माझ्याच लक्षात राहिलं नाही."

"असू दे, असू दे," प्रद्युम्न म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे कुठवर राहतं रे त्यात?"

"तीस दिवस. मग आपोआप पुसलं जातं."

"म्हणजे पाच दिवस. आपल्याला काही करायचंच नाही. पुसायचंसुद्धा नाही. कंपनीला नुसती बुधवारची क्लिप मेल करा, म्हणावं सिस्टीमला नेटवर्क नाही. वेल्ह्याला नेटवर्क नसतं हे तर खरंच आहे."

आपलं ठेवायचं झाकून ही या घराची रीत होतीच. पण झाकायला हातही हलवायचा नाही, ही सोय नवी होती. विराजनं मान डोलावली. सगळे आण्णांकडं बघू लागले.

रघुवीरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते वाईट माणूस नव्हते, आणि वाईट माणूस नसलेल्यांना अशा वेळी बोलताना जास्त त्रास होतो. "म्हादू," ते म्हणाले, "तुला मी घरी बसवणार नाही. दुधाच्या टेम्पोवर घेतो. दवाखान्याचं माझ्याकडं. तू फक्त म्हण, डोळा लागला. थकलेला माणूस, पहाटेचं उठणं, कुणाचाही लागतो."

"म्हंतो, आण्णा," म्हादू म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला की प्रद्युम्नांनी सुस्कारा सोडला. सौदामिनीला ते 'म्हंतो' थेट त्या 'चुकलं'च्या शेजारी जाऊन बसलेलं ऐकू आलं.

"फकस्त एक हाय," म्हादू म्हणाला. "प्रगतीची आई, भामाबाई, काल दवाखान्यात आली व्हती. माज्याच वाडीतली. मला म्हनली, तू गाडीवर व्हतास म्हनून पोर वाचली. तिला आता सांगू का, म्या झोपलो व्हतो? त्ये कसं सांगायचं त्येवडं सांगा. बाकी माजं काय बी न्हाई."

सौदामिनी श्रावणीजवळ जाऊन उभी राहिली.

"श्रावणी," सौदामिनी म्हणाली, "दोन्ही पाठव."

"आई," विराज उठला. "नऊ गाड्या बंद होतील. नऊ ड्रायव्हर बसतील घरी. त्यांचं काय?"

"त्यांच्या गाड्यांच्या हिरव्या खुणा तूच टाकल्यास ना? मग दोन दिवस बसू देत. आधी त्यांचे ब्रेक बघू."

"वहिनी, शांत डोक्यानं," प्रद्युम्न म्हणाले. "त्यात तुमचाही आवाज आहे."

"म्हणूनच."

श्रावणीनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. तिनं सासूकडं पाहिलं, आणि सौदामिनीला कळलं की ही क्लिप तिनं आज पहिल्यांदा बघितलेली नाही. रात्रभर ती एकटीच हे घेऊन बसली होती, आणि घरात कुणाला सांगावं हे तिला कळलं नव्हतं. ते सांगण्यासारखी सासू आपण नव्हतो, हेही सौदामिनीनं निमूट गिळलं. तिनं मान हलवली. श्रावणीनं ब्रेकपुढची हिरवी खूण काढली आणि बटण दाबलं.

वेल्ह्याच्या गाडीचे मार्क टीव्हीवर तिथल्या तिथं एक्याण्णवावरून अडतीसवर आले. रघुवीर त्या आकड्याकडं बघत राहिले.

पाच मिनिटं झाली नसतील, तोच विराजचा मोबाईल वाजला. कंपनीचा नंबर. त्यानं तो वडिलांपुढं धरला. वडिलांनी भावाकडं पाहिलं. भावाला अचानक खोकला आला. मोबाईल वाजत राहिला, तसा सौदामिनीनं विराजच्या हातातून घेतला आणि कानाला लावला.

सुरक्षा अधिकारी तरुण असावा. आवाज नम्र, वहीत बघून बोलल्यासारखा. "मॅडम, क्लिप्स मिळाल्या. ड्रायव्हरनं ब्रेकबद्दल आधी सांगितलं होतं असं दिसतंय. मागून एक लेडीज आवाज आहे. त्या कोण, हे रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

"तो माझा आवाज. सौदामिनी नाव लिहा. म्हादू झोपले नव्हते. त्यांनी सांगितलं होतं, मी त्यांना गप्प बसवलं."

"बरं. आणि आपलं पद?"

धंद्याच्या कागदांवर तीन नावं होती आणि तिन्ही नावं या क्षणी तिच्यासमोर बसली होती. एकतीस वर्षांत तिचं पद कुणी विचारलं नव्हतं, तिनंही नाही.

अधिकाऱ्यालाच तिची अडचण समजली असावी. "आपण त्या दिवशी नुसत्या गाडीत बसला होता ना, मॅडम? मग प्रवासी लिहितो. प्रवाशावर काही येत नाही."

आवाज मोबाईलबाहेर ऐकू येत होता. रघुवीर दोन्ही हात हलवून तिला खुणावत होते, हो म्हण, प्रवासी म्हण. विराजही मान डोलावत होता. दाराशी म्हादूसुद्धा तिला काही होऊ नये म्हणून हळूच हो हो करत होता.

"प्रवासी नको," ती म्हणाली. "मालक लिहा."